सॉफ्टवेअरच्या नोकरीची पहिली पायरी कुठे गेली?

जून-जुलैत अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की अमळनेरला आमच्या ओट्यावर दरवर्षी तीच चौकशी येते. विचारणारे कधी गल्लीतले नाना असतात, कधी सीईटी दिलेल्या मुलीला घेऊन आलेले तिचे वडील असतात, तर कधी थेट शेतातून आलेले एखादे आप्पा असतात, आणि प्रश्न साधारण असा असतो : "भाऊ, पोऱ्याले कॉम्प्युटरले टाकू का नको?" मी खान्देशातल्याच एका महाविद्यालयात शिकून पुण्यात अठरा वर्षे सॉफ्टवेअरचे काम केले, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. २०२१ साली मी त्याचे उत्तर एका शब्दात देत असे. आता अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात जे सांगतो तेच येथे सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या घरात मुलाच्या फीसाठी बँकेचे कर्ज काढावे की नाही याचा विचार चालू आहे, त्या घराला "आयटी संपले" हे वाक्य जितके निरुपयोगी आहे, तितकेच "आयटीत अजून खूप पैसा आहे" हेही निरुपयोगी आहे.

माझ्या मते खरी गोष्ट अशी आहे, की सॉफ्टवेअरचे काम जगात भरपूर आहे आणि ते वाढतही आहे. परंतु काहीही न येणाऱ्या पदवीधराला आत घेऊन, पगार देऊन, शिकवून कामाला लावणारी जी पहिली पायरी होती, ती फार अरुंद झाली आहे. खान्देशातली बहुतेक मुले नेमकी त्याच पायरीवरून वर चढली होती. ती अरुंद का झाली हे समजून घेण्यासाठी आधी ती बांधली कशी गेली होती हे पाहावे लागते.

अमळनेरकरांना हा धंदा परका नाही. आज विप्रो म्हणून ओळखली जाणारी कंपनी १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि तिच्या नावातली अक्षरेही 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या मूळ नावातून आली आहेत. तेल-तुपाची ही कंपनी पुढे संगणकाकडे वळली. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, उपग्रहाच्या जोडणीवरून परदेशात सॉफ्टवेअर पाठवणे शक्य झाले, आणि दशकाच्या शेवटी सन २००० च्या तारखांची अडचण आली. जुन्या प्रोग्रामांत वर्ष दोनच अंकांत लिहिलेले असल्यामुळे ते सगळे उघडून तपासणे भाग होते आणि त्यासाठी हजारो माणसे हवी होती. अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांनी ही माणसे भारतात शोधली. पुण्याजवळचे हिंजवडी त्यानंतर वाढत गेले आणि जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर येथून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाणाऱ्या मुलांची संख्याही.

या धंद्याचा हिशेब शेतीच्या भाषेत फार नीट सांगता येतो. आपल्याकडे काम दोन पद्धतींनी देतात : रोजंदारीने किंवा उक्ते. रोजंदारीत माणसाचा दिवस विकत घेतला जातो, तर उक्त्यात पूर्ण झालेले काम विकत घेतले जाते. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचा मोठा व्यवहार वर्षानुवर्षे रोजंदारीचा होता. कंपनी परदेशी ग्राहकाला माणसांचे तास विकत होती. समजा, पुण्यातला एक नवखा प्रोग्रामर अमेरिकेतल्या एका बँकेच्या कामावर लावला आहे आणि त्याच्या एका तासाचे २० डॉलर कंपनीला मिळतात. महिन्याचे १६० तास धरले तर ३,२०० डॉलर होतात, आणि डॉलरला ८५ रुपये धरल्यास ही रक्कम २ लाख ७२ हजार रुपये होते. त्या मुलाचा वर्षाचा पगार मात्र साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे दीड महिन्याच्या आत त्याचा वर्षाचा पगार वसूल. उरलेली सगळी रक्कम नफा असते असे नाही; त्यातून इमारत, वीज, विक्री करणारी माणसे, वरिष्ठांचे पगार आणि बेंचवर, म्हणजे कामाविना बसलेल्यांचे पगारही निघावे लागतात. तरीही एका नवख्या माणसामागे एवढी जागा शिल्लक राहत असल्यामुळे त्याला तीन-चार महिने फुकट शिकवणे कंपनीला सहज परवडत होते.

म्हणूनच प्रत्येक प्रोजेक्टची रचना पिरॅमिडसारखी असे. वर एक मॅनेजर, त्याखाली तीन-चार लीड, म्हणजे गटप्रमुख, त्यांच्याखाली पाच-सात वर्षांच्या अनुभवाचे दहाजण आणि तळाशी वीस-पंचवीस फ्रेशर, म्हणजे नुकतेच पदवी घेऊन आलेले नवखे. ग्राहकाला दर सरासरीने लागत असे, त्यामुळे तळ जितका रुंद तितका नफा जास्त. फ्रेशरचे पॅकेज गेली दहा-पंधरा वर्षे तीन ते साडेतीन लाखांच्या घरात अडकून राहिले, यामागेही हेच गणित आहे. तळाला माणसे मिळतच होती, मग दर वाढवण्याचे कारण काय? या पॅकेजबद्दल मुले नाराज असत आणि त्यांची नाराजी योग्यच होती. पण या व्यवस्थेने आपल्या भागासाठी केलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. कॅम्पस ड्राइव्हमध्ये ॲप्टिट्यूडची परीक्षा, दोन-चार तांत्रिक प्रश्न आणि एचआरची मुलाखत एवढेच असे. ज्या मुलाने कॉलेजात जाईपर्यंत स्वतःचा लॅपटॉप पाहिला नव्हता, ज्याला इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलताना घाम फुटत होता, तोही बुद्धीच्या बळावर तेथे निवडला जात असे. मग कंपनी त्याला प्रोग्रामिंग शिकवी, ईमेल कसा लिहायचा तेही शिकवी. पुण्या-मुंबईच्या आणि चोपडा-यावलच्या मुलात जे अंतर होते, ते भरून काढण्याचा खर्च कंपनीच्या खिशातून होत होता.

हा तळ रुंद होण्याचा शेवटचा मोठा बहर २०२१-२२ मध्ये आला. लॉकडाऊनमुळे दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी ऑनलाइन यावे लागले, अमेरिकेत व्याजदर जवळजवळ शून्यावर होते आणि कंपन्यांकडे स्वस्त पैसा होता. त्या एका आर्थिक वर्षात टीसीएसने सुमारे १ लाख आणि इन्फोसिसने सुमारे ८५ हजार फ्रेशर घेतले. त्यानंतर मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. पैसा महागला की लांब पल्ल्याची कामे आधी थांबतात, जसे पीककर्ज अडले की शेततळे पुढच्या वर्षावर जाते. गुगलने जानेवारी २०२३ मध्ये १२ हजार माणसे कमी केली. मेटा, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टनेही हजारोंनी केली. परदेशी बँकांनी आणि किरकोळ विक्रेत्यांनी आपली नवी कामे पुढे ढकलली, आणि ती कामे येतील या हिशेबाने घेतलेली मुले आपल्याकडे ऑफर लेटर हातात धरून बसली. माझ्या मावसभावाचा मुलगा त्यांपैकी एक होता. ऑफर मिळाल्याचे पेढे गावात वाटले गेले आणि नंतर तब्बल चौदा महिने जॉइनिंगची तारीख आली नाही. त्या काळात तो बाहेर पडायलाही लाजत होता, हे मी जवळून पाहिले आहे.

२०२३-२४ या वर्षात टीसीएसची एकूण कर्मचारीसंख्या १३ हजारांहून अधिकने, तर इन्फोसिसची सुमारे २६ हजारांनी घटली. विप्रोचीही घटली. या कंपन्यांनी अनेक वर्षे केवळ वाढच पाहिली होती. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, की ही घट झाली तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची साधने अजून कंपन्यांच्या रोजच्या कामात फारशी रुजलेली नव्हती. पहिला धक्का मागणीचा होता. एआय त्यानंतर आले आणि त्याने एरवी कदाचित परत रुंद झाला असता तो तळ रुंद होऊ दिला नाही. सगळा दोष एआयवर टाकणारे आणि एआयने काहीच झाले नाही म्हणणारे हा क्रम गाळतात.

आता एआय नेमके काय करते ते पाहू. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आले, आणि त्याआधी काही महिने गिटहब कोपायलट नावाचे कोड सुचवणारे साधन सर्वांसाठी खुले झाले होते. यांच्या मुळाशी असलेले भाषेचे मॉडेल प्रचंड मजकूर वाचून एवढेच शिकते, की आतापर्यंत जे लिहिले आहे त्यापुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता अधिक आहे. ऐकायला हे साधे वाटते, पण कोडच्या बाबतीत तीन गोष्टी या यंत्राच्या बाजूने आहेत. कोडची भाषा नियमबद्ध असते, तिच्यात बोलीभाषेतले आडवळण नसते. लोकांनी लिहून इंटरनेटवर मोकळा ठेवलेला कोड अफाट आहे, त्यामुळे शिकायला साहित्य भरपूर मिळते. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही की कोड बरोबर आहे का हे चालवून बघता येते. एखादा लेख चांगला आहे की नाही याचा निवाडा यंत्र तितक्या खात्रीने करू शकत नाही, पण प्रोग्राम चालला की अडला, टेस्ट, म्हणजे कोड तपासण्यासाठी लिहिलेली चाचणी, पास झाली की नापास, हे ते स्वतःच तपासू शकते. त्यामुळे प्रशिक्षण देताना लाखो वेळा चुकवून सुधारणे शक्य होते आणि वापरतानाही ते आपली चूक पाहून पुन्हा प्रयत्न करते. २०२५ पर्यंत ही साधने एखादी ओळ सुचवण्याच्या पुढे जाऊन संपूर्ण प्रोजेक्ट वाचू लागली, अनेक फाइलींत एकाच वेळी बदल करू लागली आणि टेस्ट चालवून निकाल सांगू लागली. गुगलमध्ये तयार होणाऱ्या नव्या कोडपैकी पाव हिश्श्याहून अधिक कोड एआय लिहिते आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात, असे सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले होते.

फ्रेशरला पहिल्या वर्षी कोणते काम देत होते ते आता आठवून बघा. फॉर्ममध्ये एक नवा रकाना जोडणे, अहवालासाठी डेटाबेसमधून माहिती काढणारी क्वेरी बदलणे, जुन्या फंक्शनसाठी टेस्ट लिहिणे, किरकोळ बग काढणे, कोणता कोड काय करतो याची कागदपत्रे तयार करणे. एकही काम अवघड नाही, एकही काम फार महत्त्वाचे नाही, पण यातूनच माणूस मोठ्या प्रणालीत वावरायला शिकत होता. मी लीड असताना असे काम नव्या मुलाला द्यायचे तर तासभर समजावावे लागे, तो दोन दिवसांनी करून आणी, आणि मग त्यातल्या चुका दाखवण्यात माझा आणखी एक तास जाई. आज तेच तासभराचे समजावणे यंत्रासाठी लिहून काढले, तर दहा-पंधरा मिनिटांत कोड समोर येतो. तपासायला तासभर लागतोच. म्हणजे वरिष्ठाचे श्रम फारसे वाचलेले नाहीत. गाळले गेले आहेत ते नव्या मुलाचे दोन दिवस. आणि तेच दोन दिवस त्याची शाळा होती.

अमेरिकेत याचा ठसा आकड्यांत दिसू लागला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर कंपन्यांची पगारपत्रके तयार करणाऱ्या तेथील एका मोठ्या कंपनीच्या नोंदी तपासून ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले, की २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची नोकरीतली संख्या २०२२ च्या अखेरीस असलेल्या उच्चांकापेक्षा जवळपास २० टक्क्यांनी खाली आली आहे, तर त्याच व्यवसायातल्या मोठ्या वयाच्या लोकांची संख्या टिकून आहे किंवा वाढली आहे. या घटीचे सगळे माप एआयच्या पदरात टाकणे मला घाईचे वाटते, कारण व्याजदरांची वाढ आणि २०२१ ची अवाजवी भरती याच काळातली आहे. मात्र घट एकाच वयोगटावर पडली आहे, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

दुसऱ्या बाजूने, यंत्र आले म्हणजे काम आपोआप वेगाने होते हेही खरे नाही. मेटर नावाच्या एका अमेरिकी संशोधनसंस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्या स्वतःच्या, चांगल्या परिचयाच्या प्रोजेक्टमधली २४६ कामे दिली आणि त्यांतली काही एआय वापरून व काही न वापरता करायला सांगितली. एआय वापरताना त्यांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि तरीही काम संपल्यावर आपला वेळ २० टक्के वाचला अशीच त्यांची समजूत होती. मोठ्या, जुन्या प्रणालीत अनेक गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात. हा रकाना रिकामा का ठेवतात, अमुक ग्राहकाचे बिल वेगळ्या मार्गाने का जाते, हे माणसांच्या डोक्यात असते. यंत्राला ते माहीत नसते, पण आपल्याला माहीत नाही हे ते सांगत नाही. आत्मविश्वासाने अंदाज लिहून मोकळे होते. कधी अस्तित्वातच नसलेले फंक्शन वापरते. तो अंदाज पकडण्यासाठी वाचणाऱ्याला विषय आधी कळलेला असावा लागतो.

याचा एक अनुभव माझ्या मनात घर करून आहे. गेल्या वर्षी जळगावच्या एमआयडीसीत एका नातेवाइकाच्या डाळमिलसाठी मी हिशेबाचा छोटा प्रोग्राम तयार केला. आलेली तूर, निघालेली डाळ, चुनी, टरफल आणि उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीतून किती डाळ हाती आली, एवढेच त्यात हवे होते. एआयला हे सांगितल्यावर दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत प्रोग्रामचे सगळे पडदे (स्क्रीन) तयार झाले, दिसायलाही सुरेख. मात्र पहिल्या आठवड्याचे आकडे भरले तेव्हा उतारा रोजच वहीपेक्षा कमी दिसू लागला. मी कोडमध्ये चूक शोधत राहिलो, पण कोड निर्दोष होता. शेवटी तीन दिवस मिलमध्ये जाऊन बसलो, तेव्हा तेथल्या जुन्या मुकादमांनी सहज बोलता बोलता सांगितले, की तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवतात, तेव्हा ओलाव्याची घट होते. ती घट ते आधी वजा करतात आणि उतारा वाळलेल्या मालावर काढतात. शिवाय पावसाळ्यातल्या तुरीची घट वेगळी, फेब्रुवारीतल्या नव्या मालाची वेगळी. हे इतके स्वाभाविक होते, की मालकांना मला सांगावेसे वाटलेच नव्हते. मीही विचारले नव्हते, आणि यंत्र तर विचारणारच नव्हते. बदल करायला पाच मिनिटे लागली. तो कोणता करायचा हे कळायला तीन दिवस. सॉफ्टवेअरच्या कामात किंमत कशाची उरली आहे, असे मला कोणी विचारले तर मी या तीन दिवसांकडे बोट दाखवतो.

मोठ्या कंपन्यांतही हाच प्रवाह वेगळ्या रूपात चालू आहे. परदेशी ग्राहक आता विचारू लागला आहे, की तुमची माणसे एआय वापरून निम्म्या वेळात काम करतात, तर मला निम्म्या तासांचेच बिल का येत नाही? रोजंदारीवर जगणाऱ्या धंद्याला हा प्रश्न फार जड आहे, कारण काम लवकर झाले की कमाई घटते. त्यामुळे व्यवहार हळूहळू उक्त्याकडे सरकत आहेत. आणि उक्त्यात ठेकेदार कमीत कमी, पण हात बसलेली माणसे घेतो, हे आपल्याकडे कांदा किंवा केळी काढणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तळ अरुंद झाल्यावर त्यावर देखरेख करणाऱ्या मधल्या थराचीही गरज घटते. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसे कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा त्यांत मधल्या आणि वरच्या पातळीवरचे लोक प्रामुख्याने होते. म्हणून हे संकट फक्त पोरांचे आहे असे चाळिशीतल्या माझ्या सोबत्यांनीही समजू नये. ज्यांचे काम केवळ इतरांच्या कामाचे तक्ते भरणे हेच राहिले होते, त्यांची खुर्ची आधी हलली.

जिथे भरती चालू आहे, ती जागा म्हणजे परदेशी कंपन्यांनी भारतात उघडलेली स्वतःची केंद्रे. त्यांची संख्या २०२४ मध्ये १,७०० च्या वर होती आणि तेथे सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुण्यातही ती बरीच आहेत. त्यांचा पगार बरा असतो, परंतु ती बहुतांशी अनुभवी माणसे घेतात आणि फ्रेशर हवेच असतील तर मोजक्या नामांकित महाविद्यालयांत जातात. अमेरिकेला जाण्याची वाटही सप्टेंबर २०२५ पासून अवघड झाली आहे, कारण बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (तेथे काम करण्याच्या व्हिसाच्या) अर्जांवर तेथील सरकारने १ लाख डॉलरचे शुल्क लावले.

मला सर्वांत जास्त चिंता ज्याची वाटते ते सांगतो. नवख्यांना कोणीच घेतले नाही, तर पाच वर्षांनी पाच वर्षांच्या अनुभवाची माणसे कुठून येणार, हे सगळ्या कंपन्यांना कळते. पण शिकवून तयार केलेला मुलगा दोन वर्षांत जास्त पगारावर दुसरीकडे जातो, त्यामुळे शिकवण्याचा खर्च आपण का करावा, असा प्रत्येकीचा स्वतंत्र विचार असतो. पूर्वी हा खर्च तासांच्या बिलात लपून जात होता. आता लपायला जागा नाही. परिणामी तो खर्च घरावर आला आहे. पुण्यातले सुखवस्तू घर मुलाला सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप करू देऊ शकते. पारोळ्याच्या कोरडवाहू कापूसवाल्याच्या घराला ते कसे जमणार? पूर्वी कंपनी जे अंतर भरून काढत होती, ते आता तसेच उघडे राहिले आहे, आणि हे अंतर बुद्धीचे नाही हे मी शपथेवर सांगू शकतो.

त्यामुळे महाविद्यालयाची चार वर्षे कशी जातात याला आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आले आहे. मुलाखतीही बदलत आहेत. "अमुक प्रोग्राम लिहून दाखव" याऐवजी तयार कोड पुढे ठेवून "यात काय चुकले आहे, आणि हे चुकते हे तुला कसे कळले" असे विचारण्याकडे कल वाढला आहे. जो मुलगा पहिल्या वर्षापासून प्रत्येक असाइनमेंट एआयकडून उतरवून घेतो, तो येथे हमखास अडकतो, कारण चूक ओळखण्याची नजर स्वतः शंभर वेळा चुकल्याशिवाय येत नाही. मी मुलांना सांगतो, की पहिली दीड-दोन वर्षे हे साधन बाजूला ठेवून लिहा, त्रुटीचा संदेश पूर्ण वाचा, डेटाबेस आणि नेटवर्क खालपासून समजून घ्या. त्यानंतर मात्र एआय मनमोकळेपणाने वापरा, कारण नोकरीत ते वापरावेच लागणार आहे. आणि पदवी हातात येण्याआधी एक तरी वस्तू अशी बनवा, जी तुमच्याशिवाय दुसरे कोणी रोज वापरते. गावातली पतसंस्था, दूध संकलन केंद्र, जिनिंग, केळीचे पॅकहाउस, कोणतेही चालेल. तिथला वापरणारा माणूस जेव्हा तुमच्या पडद्यावर चिडतो, तेव्हा जे शिकायला मिळते ते कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही. अशा स्थानिक कामात पैसा थोडा आहे आणि त्यावर घर चालेल असे मी म्हणणार नाही. परंतु मुलाखतीत "मी हे केले, ते असे फसले आणि मी ते असे दुरुस्त केले" एवढे सांगता येणे, हा जो पुरावा आहे तोच आज अनुभव म्हणून धरला जातो.

एका बाबतीत मात्र सावध करणे माझे कर्तव्य आहे. पहिली पायरी अरुंद झाली, की तिच्या शेजारी शिडी भाड्याने देणारे उभे राहतात. "१०० टक्के प्लेसमेंट" म्हणून लाख-दीड लाख घेणारे क्लास आहेत, आणि त्याहून घातक म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे खोटे पत्र विकणारे आहेत. कंपन्या आता उमेदवाराच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी तपासतात, आणि ज्या महिन्यांचा पीएफ भरलेलाच नाही त्या महिन्यांचा अनुभव तेथेच उघडा पडतो. नोकरी लागून वर्ष झाल्यावरही असे प्रकरण निघू शकते आणि मग पुढची नोकरी मिळवणेही अवघड होऊन बसते. नोकरीसाठी पैसे मागणारी कोणतीही कंपनी खरी नसते. आपल्या भागातल्या आई-वडिलांनी यासाठी सोने मोडल्याचे ऐकले, की मला फार वाईट वाटते.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांवरची जागांची कमाल मर्यादा काढली, त्यामुळे अनेक ठिकाणी कॉम्प्युटर आणि एआयच्या नावाच्या शाखांच्या जागा वाढल्या आहेत. पायरी अरुंद होत असताना रांग लांबत आहे. शाखेच्या नावात एआय असल्याने काही विशेष मिळते असे मला वाटत नाही. ज्या मुलाला गणिताची आणि कोडे सोडवण्याची ओढ आहे, त्याने कॉम्प्युटर अवश्य घ्यावे. ज्याला ती नाही आणि जो केवळ पॅकेजकडे पाहून येतो, त्याला आता तो रुंद तळ सांभाळून घेणार नाही, म्हणून त्याने इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा विचार खुल्या मनाने करावा. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातले सर्वांत मोठे पॅकेज पाहू नये, ते एकाच मुलाचे असते. त्याऐवजी चार आकडे मागावेत : त्या शाखेतून गेल्या वर्षी किती जण पास झाले, किती जणांना ऑफर मिळाली, त्यांतले प्रत्यक्षात किती जण रुजू झाले, आणि पगाराच्या चढत्या क्रमाने सगळे उभे केले तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळतात. ऑफर आणि रुजू होणे यांतला फरक मी घरातच पाहिला असल्यामुळे तिसऱ्या आकड्यावर मी विशेष जोर देतो.

गेल्या जुलैत आमच्या ओट्यावर आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी हे चारही प्रश्न वहीच्या पानावर लिहून घेतले आणि दोन महाविद्यालयांत जाऊन विचारले. एका ठिकाणी त्यांना दुसऱ्या दिवशी या, मग पुढच्या आठवड्यात या, असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी विभागप्रमुखांनी समोर बसवून यादी दाखवली. रुजू झालेल्यांचा आकडा फार मोठा नव्हता, तरी तो कागदावर होता. मुलीने तेथे कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. सध्या ती गावातल्या दूध संकलन केंद्राच्या फॅटच्या नोंदींचे काम करते आहे, आणि सकाळच्या दुधाची नोंद संध्याकाळच्या खात्यावर का जाते हे शोधण्यासाठी रोज पहाटे पाच वाजता तेथे जाऊन बसते.